खलनायकाचा पत्ता

सदाशिव अमरापूरकर हे नाव निघालं की लोकांना सगळ्यात आधी आठवते ती ‘सडक’मधली महाराणी. महेश भट यांच्या १९९१ सालच्या त्या सिनेमात मुलींचा बाजार मांडून बसलेली ही तृतीयपंथी कुंटणखानेवाली अमरापूरकरांनी अशी उभी केली, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. खलभूमिकेसाठी फिल्मफेअरने पहिल्यांदाच ठेवलेलं पारितोषिक १९९२ साली त्यांना मिळालं ते याच भूमिकेबद्दल. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी ते गेले, तेव्हाही बातम्यांतून महाराणीचाच फोटो फिरत होता.

आम्हा नगरकरांना या माणसाचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. पण बायकांच्या चळवळीत काम करणारी एक बाई म्हणून मला त्यांच्या कामाकडे थोडं वेगळ्या बाजूने बघावंसं वाटतं. १९८३ ते १९९५ या बारा वर्षांत बाईवरच्या हिंसेशी थेट संबंध असलेल्या चार मोठ्या कलाकृतींमध्ये अमरापूरकरांचा हात होता. त्यांपैकी एक नाटक त्यांनी दिग्दर्शित केलं आणि तीन सिनेमांत भूमिका केल्या. बाईवर अत्याचार करणारा माणूस राहतो कुठे, त्याचा पत्ता काय, हा प्रश्न चारही ठिकाणी आहे. चारही ठिकाणी उत्तर मात्र निराळं आहे. माझं म्हणणं असं, की ज्या कलाकृतीने सगळ्यात खोटा पत्ता दिला तिला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या, आणि जिने खरा पत्ता दिला तिच्यातली अमरापूरकरांची भूमिका फारशी कुणाला आठवत नाही. हे असं का झालं, याचा विचार आपण करायला हवा.

नगरचा नट

अमरापूरकरांचा जन्म ११ मे १९५०चा, नगरचाच. त्यांची जडणघडण हौशी रंगभूमीवरची. जिल्ह्याच्या गावी नाटक करणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. तालमीला जागा नाही, स्पर्धेचा खर्च खिशातून, आणि स्त्रीपात्र मिळवणं म्हणजे मोठं दिव्य, कारण घरातली माणसं मुलीला रात्रीच्या तालमीला सोडत नाहीत. तिथून मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर पोचणं पुरुषालाही सोपं नव्हतं. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ या १९७९ सालच्या सिनेमात त्यांनी टिळकांची भूमिका केली. पुढे ‘हँड्स अप’ या नाटकात ते भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर यांच्याबरोबर होते. गोविंद निहलानींनी त्यांना या नाटकात पाहिलं आणि ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीसाठी निवडलं.

‘अर्धसत्य’नंतर मात्र हा नट थांबला नाही. १९८७च्या ‘हुकूमत’पासून नव्वदच्या दशकातल्या ‘आँखें’, ‘कुली नं. १’, ‘इश्क’पर्यंत कधी गुंड, कधी पुढारी, कधी पोलीस, कधी विनोदी सासरा अशी त्यांची कामं चालूच राहिली. चरित्र अभिनेता म्हणतात तो हाच. नायक बदलत जातात आणि हा माणूस मात्र सिनेमामागून सिनेमात दिसत राहतो.

इथे जरा थांबून एक हिशेब मांडू या. चारचौघांसारखा दिसणारा, स्थूल, तिशी ओलांडलेला पुरुष सिनेमात आला तर त्याच्यासाठी वीस प्रकारच्या भूमिका लिहिलेल्या असतात. चारचौघींसारखी दिसणारी, तिशी ओलांडलेली बाई आली तर तिच्यासाठी किती असतात? आई, सासू, विधवा आत्या, फार तर कोठेवाली. आणि ‘सडक’मध्ये तर तीही जागा पुरुषाने घेतली! उत्तरा बावकरांसारखी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली, ‘एक दिन अचानक’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली अभिनेत्री सिनेमात बहुतेक वेळा कुणाची तरी आईच होती. आमच्याच जिल्ह्यात संगमनेरला कांताबाई सातारकर होत्या. मे २०२१मध्ये त्या गेल्या. त्यांनी तमाशाच्या वगांत पुरुषांच्या भूमिकाही गाजवल्या. पुरुषाने बाईचा वेश घेतला की देशभर त्याचा अभिनय गाजतो. कनातीत पुरुषाचा वेश घेऊन हजारोंना खिळवून ठेवणाऱ्या बाईचा अभिनय मात्र ‘तमाशा’ या एका शब्दात गुंडाळला जातो. यात दोष अमरापूरकरांचा नाही. पण त्यांची कारकीर्द सांगताना ही दुसरी बाजू न सांगणं बरोबर होणार नाही.

१९८३ साल

आपल्या चळवळीच्या दृष्टीने १९८३ हे साल महत्त्वाचं. मथुरा प्रकरणानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या होत्या. त्या रेट्याने बलात्काराचा कायदा बदलला तो याच साली. नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेला छळ हा फौजदारी गुन्हा ठरवणारं ४९८-अ कलम आलं तेही याच साली. (आज ते भारतीय न्याय संहितेत ८५व्या कलमात आहे.) स्त्री मुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ याच साली गावोगाव सुरू झालं. घराच्या चार भिंतींआड जे चालतं ते घरगुती नाही, सार्वजनिक आहे, हे त्या साली आपण कायद्यातूनही म्हणत होतो आणि नाटकातूनही.

नेमक्या त्याच साली अमरापूरकरांच्या दोन गोष्टी लोकांसमोर आल्या. एक ‘कन्यादान’, दुसरी ‘अर्धसत्य’. दोन्हींमागे लेखणी विजय तेंडुलकरांची. पहिलं त्यांचं नाटक. दुसऱ्याची पटकथा त्यांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची.

‘कन्यादान’चं दिग्दर्शन अमरापूरकरांनी केलं होतं, हे आज फार थोड्यांना आठवतं. डॉ. श्रीराम लागू त्यात नाथ देवळालीकर झाले होते. समाजवादी चळवळीत आयुष्य घातलेलं जोडपं, नाथ आणि सेवा. त्यांची मुलगी ज्योती एका दलित कवीशी लग्न ठरवते. बापाला आनंद होतो, कारण आजवर भाषणांतून सांगितलेलं आता घरात घडणार असतं. मग कवी तिला मारायला लागतो. ती गरोदर असताना मारतो. आणि बाप, मनातून कोलमडलेला असूनही, त्याच्या आत्मचरित्राचं भर सभेत कौतुक करतो. शेवटी मुलगी बापाला विचारते, की तुमच्या तत्त्वांचा हा प्रयोग माझ्यावर का केलात? आणि ती नवऱ्याकडे निघून जाते.

हे नाटक आपल्या चळवळीला दोन्ही बाजूंनी टोचतं. एका बाजूने ते खरं बोलतं. पुरोगामी घरातली शिकलेली मुलगीसुद्धा मार खाते, आणि पुरोगामी बापसुद्धा सभेची इभ्रत मुलीच्या जिवापेक्षा वर ठेवतो. किती तरी कार्यकर्त्यांच्या घरात आपण हे पाहिलं आहे. दुसऱ्या बाजूने, मारणारा नवरा दलित दाखवल्याने नाट्यगृहातल्या उच्चवर्णीय प्रेक्षकाची सुटका झाली. तो हळहळला, आणि हे ‘त्यांच्यात’ चालतं असं मनाशी म्हणत घरी गेला. दलित चळवळीने या नाटकावर घेतलेला आक्षेप मला म्हणूनच मोलाचा वाटतो. बायकोला मारणं कुठल्या एका जातीचं नाही. आमच्या गटाकडे येणाऱ्या तक्रारींत वाड्यातल्या बायका आहेत, बंगल्यातल्या आहेत, वस्तीवरच्याही आहेत. वाड्यातली बाई उशिरा येते आणि डोक्यावरचा पदर सोडत नाही, इतकाच फरक. म्हणजे ‘कन्यादान’ने हिंसेचा पत्ता घराचाच दिला, पण घर दुसऱ्या आळीतलं दाखवलं.

‘अर्धसत्य’ या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. तो आठवताना लोकांना ओम पुरींचा फौजदार अनंत वेलणकर आणि अमरापूरकरांचा रामा शेट्टी आठवतो. रामा शेट्टीचे प्रसंग मोजकेच. तो ओरडत नाही, दात-ओठ खात नाही. बसल्या जागी हलक्या आवाजात बोलतो, आणि त्याच्या स्वस्थपणावरूनच कळतं की सगळं शहर याच्या खिशात आहे. हिंदी सिनेमातला खलनायक तोवर असा बोलत नव्हता. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं ते योग्यच होतं.

पण आपण बायकांनी या सिनेमात आणखी एक माणूस बघायला हवा. तो म्हणजे अनंतचा बाप. अमरीश पुरींनी केलेला हा पोलिसातला बाप घरी बायकोला मारतो, आणि लहान अनंत ते बघतो. पुढे मोठा झालेला अनंत रस्त्यावर बायकांची छेड काढणाऱ्यांना बडवतो तेव्हा आपल्याला बरं वाटतं. मग तोच हात कोठडीतल्या आरोपीवर पडतो, आणि त्यात माणूस मरतो. आईवर पडलेला हात, आरोपीवर पडलेला हात, शेवटी रामा शेट्टीच्या गळ्यावर गेलेला हात, ही सगळी एकच शिकवण आहे, आणि ती घरात मिळालेली आहे. स्मिता पाटीलने केलेली ज्योत्स्ना या हिंसेला प्रश्न विचारते. सिनेमात तो प्रश्न विचारणारी ती जवळजवळ एकटीच आहे. इथे हिंसेचा पत्ता एकच नाही, साखळीच आहे. घर, पोलीस ठाणे, निवडणुकीचं राजकारण अशी ती जाते. रामा शेट्टी त्या साखळीतली एक कडी आहे. म्हणून तो खरा वाटतो.

महाराणीचं सोयीचं पाप

आता ‘सडक’कडे येऊ. अमरापूरकरांचा अभिनय यात कमी नव्हता. उलट, त्यांनी पणाला लावावं तितकं सगळं लावलं. प्रश्न आहे तो त्या अभिनयाचा वापर कशासाठी झाला याचा.

कुंटणखाना चालतो कसा? मुलगी गावाकडून येते. तिला आणणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, लग्नाचं वचन देणारा. तिच्या नावावर कर्ज चढतं. घरमालक भाडं घेतो, सावकार व्याज घेतो, पोलीस हप्ता घेतात. घरवाली बहुधा स्वतःच कधी काळी विकली गेलेली असते. आणि या सगळ्याच्या बुडाशी रोज संध्याकाळी येणारं गिऱ्हाईक असतं, ज्याला घरी बायको-मुलं असतात. ‘सडक’मध्ये या गिऱ्हाइकाला फारसा चेहरा नाही. सगळा राग, सगळी किळस एकट्या महाराणीवर ओतलेली आहे. नायक तिला संपवतो आणि प्रेक्षक मोकळा होतो. ज्या व्यवस्थेने मुलीला तिथे पोचवलं, ती सिनेमा सुटल्यावर जशीच्या तशी शाबूत राहते.

महाराणी तृतीयपंथी असणं हाही योगायोग नाही. ती बाई नाही आणि पुरुषही नाही, म्हणून तिच्या पापाचं उत्तर कुठल्याच ‘सभ्य’ पुरुषाला द्यावं लागत नाही. ज्या समूहाला घरातून हाकललं जातं, शाळेत टिकू दिलं जात नाही, नोकरी दिली जात नाही, त्याच समूहातल्या माणसाच्या डोक्यावर बायकांच्या बाजाराचं खापर फोडून सिनेमा मोकळा झाला. सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. तोवर एका पिढीने तृतीयपंथी माणूस म्हणजे महाराणी, असंच मनात धरलेलं होतं. आजही स्टेशनवर, सिग्नलवर त्यांच्याकडे बघणाऱ्या नजरांत ती भीती आणि ती हेटाळणी दिसते. आपल्या मोर्चांत, आपल्या गटांत आता तृतीयपंथी मैत्रिणी येतात. त्यांच्यासमोर या भूमिकेचं नुसतं कौतुक आपण करू शकतो का, हे प्रत्येकीने स्वतःला विचारावं.

‘दोघी’तला मामा

‘सडक’नंतर चारच वर्षांनी, १९९५ साली, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ आला. सामाजिक प्रश्नावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गौरी आणि कृष्णा या दोन बहिणी, रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी. आई उत्तरा बावकर. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होतो आणि नवरा मुलगा मरतो. बाप अंथरुणाला खिळतो. गौरी पांढऱ्या पायाची ठरते. शेती सुटत चाललेली, घरात खायची भ्रांत. अशा वेळी मुंबईला राहणारा मामा येतो आणि पोरीला कामाला घेऊन जातो. गौरीचे पैसे घरी यायला लागतात. घर सावरतं. ते पैसे कसले आहेत, हे उमगतं तेव्हा घर पैसे ठेवून घेतं आणि गौरीला दूर सारतं.

या मामाचं काम सदाशिव अमरापूरकरांचं. चार वर्षांपूर्वी जो नट महाराणी होऊन मुलींचा बाजार चालवत होता, तोच इथे साध्या कपड्यांत, साध्या आवाजात भाचीला मुंबईला नेतो. हा मामा राक्षस नाही. बहिणीचं घर बुडताना बघून त्याला वाईट वाटतं, हेही खोटं नाही. आणि म्हणूनच तो महाराणीपेक्षा शंभर पटींनी भयंकर आहे. महाराणीला बघून मुलगी पळून तरी जाईल. मामाबरोबर ती आईच्या पाया पडून, डोळे पुसत, स्वतःहून गाडीत बसते.

आमचा गट खेड्यांत बैठकांसाठी हा सिनेमा अनेकदा दाखवत आला आहे. त्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सिनेमा संपल्यावर पहिल्यांदा आईबद्दल बोललं जातं. बायका आईवर चिडतात, मग तिची बाजूही घेतात. मामाबद्दल लगेच कुणी बोलत नाही. आम्ही विचारलं की जरा शांतता होते. मग हळूहळू गोष्टी निघतात. पोरीला ‘कामाला’ नेणारा चुलता, दुष्काळात लहान वयात पोरीचं लग्न जमवून देणारा मेहुणा, ऊसतोडीला जाताना पोरीला घरी ठेवायची सोय नाही म्हणून घाईने स्थळ आणणारा भाऊ. कुणाच्याच गोष्टीत महाराणी नसते. प्रत्येक गोष्टीत मामा असतो. आणि तो मामा अजूनही घरी येत-जात असतो, त्याला चहा दिला जातो, भाऊबीजेला ओवाळलं जातं. म्हणून तर शांतता होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवालही हेच सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलीच्या किंवा बाईच्या ओळखीचा असतो. बायकांविरुद्धच्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं सगळ्यात मोठा आकडा असतो तो नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा. खलनायकाचा पत्ता सरकारी कागदावरही छापलेला आहे. तो सिनेमावाल्यांनाच सापडत नाही.

‘दोघी’त आणखी एक गोष्ट आहे, जी ‘सडक’मध्ये असूच शकत नव्हती. गौरीला सोडवायला कुणी नायक हातात पिस्तूल घेऊन येत नाही. तिच्या बाजूने पहिल्यांदा उभी राहते ती तिची धाकटी बहीण. व्यवस्थेला हात घालायचा तर तो असाच घरातून, दोघींनी मिळून घालावा लागतो.

पडद्याबाहेरचा माणूस

अमरापूरकर हे काही फक्त पडद्यावरचे नव्हते. अंधश्रद्धा निर्मूलन समिती, सामाजिक कृतज्ञता निधी, नगरची स्नेहालय संस्था यांच्याशी ते जोडलेले होते. स्नेहालय १९८९मध्ये सुरू झालं ते नगरच्या वेश्यावस्तीतल्या बायकांच्या मुलांसाठी. म्हणजे हा नट पडद्यावर महाराणी झाला तेव्हा त्याच्याच गावात त्या वस्तीतल्या मुलांना रात्री झोपायला सुरक्षित जागा मिळावी म्हणून धडपड सुरू झालेली होती. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू, निळू फुले आणि इतर कलावंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. त्यातून उभ्या राहिलेल्या निधीतून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. लग्नसंस्थेची गंमत करणाऱ्या नाटकाच्या तिकिटांवर लग्नसंस्थेशी भांडणारेही जगले, ही आपल्या चळवळीतली एक मजेदार आणि कृतज्ञतेने आठवावी अशी गोष्ट.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २००० साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह केला, तेव्हा कार्यकर्त्यांना अटक झाली. चौथरा बायकांना खुला झाला तो ८ एप्रिल २०१६ रोजी, हायकोर्टाच्या निकालानंतर. तोवर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन अडीच वर्षं उलटली होती आणि अमरापूरकरही राहिले नव्हते. त्याआधी, २०१३च्या दुष्काळात, होळीच्या नावाखाली पाण्याची नासाडी करणाऱ्यांना त्यांनी मुंबईत हटकलं, तर त्यांना धक्काबुक्की झाली. पाण्याची खरी किंमत ज्या बायकांना कळते, डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या त्या बायकांच्या जिल्ह्यातून हा माणूस आलेला होता. साठीच्या पुढे, एकट्याने, त्याने हे केलं. याला धैर्य लागतं.

मग असा माणूस ‘सडक’सारख्या सिनेमात का गेला, असा प्रश्न काही मैत्रिणी विचारतात. मला तो प्रश्न तितकासा नेमका वाटत नाही. नटाला घर चालवायचं असतं, आणि चरित्र अभिनेत्याला भूमिका निवडायची चैन क्वचितच परवडते. निळू फुलेही सेवादलाचे, आणि आयुष्यभर पडद्यावर बायकांवर वाईट नजर टाकणारे पाटील-सरपंच झाले. पण फरक बघा. १९७५च्या ‘सामना’तला त्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा साखर कारखान्याचा धनी होता. आमच्या साखरेच्या जिल्ह्यात प्रत्येक बाईला तो कोण हे लगेच कळत होतं. ती भूमिका पत्ता लपवत नव्हती, दाखवत होती. म्हणजे खलनायक रंगवणं हे पाप नाही. खलनायक कुणाच्या दारात उभा केला, हा प्रश्न आहे. आणि तो नटाआधी लेखक, दिग्दर्शक, पैसे लावणारा आणि तिकीट काढणारे आपण, या सगळ्यांना विचारायला हवा.

आपण काय करायचं?

महाराणीचं काम आता घरोघरच्या मालिकांत मोठ्या कुंकवाच्या, जरीच्या साडीतल्या सासवा-वहिन्या करतात. रोज संध्याकाळी सांगितलं जातं की बाईची वैरीण बाईच. घरातला पुरुष बिचारा, भोळा, काही न कळणारा. हाही खोटाच पत्ता आहे, आणि तो दररोज छापला जातो.

आपल्या गटांसाठी माझ्या तीन सूचना आहेत.

एक, बैठकीत कुठलाही सिनेमा किंवा मालिका बोलायला घेतली तर तीन प्रश्न ठेवावेत. या गोष्टीत अत्याचार करणारा कोण आहे? तो आपल्या ओळखीच्या माणसासारखा आहे का? त्याला शिक्षा झाल्यावर काय बदललं आणि काय तसंच राहिलं? बायका या तीन प्रश्नांवर तासन्‌तास बोलतात, आणि बोलता बोलता स्वतःच्या घरापर्यंत येतात.

दोन, आपल्या पथनाट्यांतला दारुडा नवरा आणि मिशा पिळणारा सासरा आता जुना झाला. लोक त्याला हसतात आणि आपण तसे नाही म्हणून सुटतात. पथनाट्यात मामा लिहू या. प्रेमाने बोलणारा, मदतीला धावणारा, बचत गटाचे पैसे मिळवून देणारा, आणि पोरीचं आयुष्य परस्पर ठरवून टाकणारा. अशी भूमिका करायला खरा कसबी नट लागेल. गावातल्या तरुण मुलांना ती करायला लावावी. मामा करता करता त्यांना स्वतःच्या घरातलं काही दिसलं तर तेही काम झालंच.

तीन, तमाशातल्या, हौशी रंगभूमीवरच्या, सिनेमातल्या ज्या बायका आयुष्यभर आई आणि सासू करत आल्या, त्यांच्या मुलाखती घ्याव्यात, आजच, त्या आहेत तोवर. आमच्या जिल्ह्यात निदान प्रत्येक तालुक्यात अशी एक बाई सापडेल. नटांची चरित्रं खूप लिहिली गेली. त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या बायकांची लिहायची राहिली आहेत.

२०२४मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या एका बाईचं नाव जिल्ह्याला मिळालं, याचा आनंद आहे. पण नाव पाटीवर लागतं, हिंसा पाटीच्या आत राहते. सदाशिव अमरापूरकरांची आठवण ठेवायची तर या गावात त्यांच्या नावाने ‘दोघी’ दाखवावा, ‘सडक’ नव्हे, आणि नंतर दिवे लावून बायकांना बोलू द्यावं. त्यांनी किती चांगला अभिनय केला हे सांगण्यापेक्षा, त्यांनी रंगवलेला मामा आपल्या ओळखीचा आहे का, एवढंच विचारावं.